आपा, तुमच्या डब्यातला तो नंबर

आपा,

तुम्ही गेल्यापासून लोक मला एकच प्रश्न विचारतात. दुकानाच्या दारात उभे राहतात, आत न येता विचारतात, "मगे आता डबो कोण बघतलो?" मी म्हणते, बघू. त्यांना खरं तर दुसरंच विचारायचं असतं. आपा तर गेले, आमच्या घराची किल्ली कुठे आहे, आणि आमच्या घरात आता कोण कोण शिरू शकतं? तिसऱ्या माणसापर्यंत मला हे कळलं होतं. तरी मी "बघू" म्हणत राहिले, कारण याचं उत्तर मला माहीत होतं आणि ते मला तोंडातून काढवत नव्हतं.

ते उत्तर मी आधी तुम्हाला सांगते आहे. तुम्हाला ते माहीतच होतं. मला माहीत आहे, हे मात्र तुम्हाला माहीत होतं की नाही, याची खात्री मला शेवटपर्यंत झाली नाही.

मी पहिल्यांदा तिठ्यावरच्या तुमच्या दुकानात आले ती लॅपटॉपचा चार्जर घेऊन. पुण्याच्या कंपनीचं काम घरून करायची मुभा मिळाली होती आणि दुसऱ्याच आठवड्यात वीज अशी आली की चार्जरमधून वास सुटला. तुम्ही पंपाच्या मोटरीला तार गुंडाळत बसला होतात. चार्जर उघडलात, नाकाशी धरलात आणि विचारलंत, "कितवीपर्यंत शिकलंस?"

"इंजिनीअरिंग. इलेक्ट्रॉनिक्स."

"मगे माज्याकडे कित्याक इलंस?"

अनोळखी माणसासमोर मला मराठी आधी मनात जुळवावी लागते, आणि मालवणी कळत असली तरी बोलताना जीभ अडते. तुम्ही चार्जर दुरुस्त केलात आणि परत देताना म्हणालात, "शाळा इंग्लिश मिडियमाची काय? दिसताच." त्या दिवसापासून मी तुमची "कॉन्व्हेंट" झाले. माझ्या शाळेत एकही नन नव्हती हे मी तुम्हाला दोनदा सांगितलं. तुम्ही ते मनावर घेतलं नाहीत.

घरी रेंज नव्हती, तुमच्या दुकानात होती. वर तुमचा इन्व्हर्टर. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून काम करायला लागले. कसलं काम ते तुम्ही महिनाभर विचारलं नाहीत. मग एकदा विचारलंत. मी सांगितलं, कंपन्या त्यांचे प्रोग्राम आम्हाला देतात आणि आम्ही त्यात चोरवाट शोधतो. सापडली की त्यांना कळवतो.

"म्हणजे संशय घेवचो पगार मिळता तुका."

"तसंच काहीसं."

"आमच्याकडे ह्यां काम लोक फुकट करतत," तुम्ही म्हणालात. चहाचा कप ठेवायला आलेल्या तुमच्या घरच्या काकी हसल्या, आणि मीही हसले. त्या दुकानातलं माझं ते पहिलं हसू.

त्यानंतर तुम्ही मला डबा दाखवलात.

वर्षातले अकरा महिने बंद असलेल्या घरांसाठी तुम्ही तो बनवला होता. दाराला लोहचुंबक, चौकटीत छोटा स्विच, तिथून वायर आत डब्यापर्यंत, डब्यात सिमकार्ड. दार उघडलं की मुंबईला मालकाच्या फोनवर मेसेज जाणार. मालकाने आधी मिस्ड कॉल दिला असेल तर भोंगा वाजणार नाही, पण मेसेज जाणारच. तुमचं एकच वाक्य होतं आणि ते तुम्ही प्रत्येकाला सांगायचात: "दार उघडलां की मुंबैक कळतलां. मी उघडलंय तरी कळतलां." त्या वाक्यावर तीसेक घरांनी डबे बसवले, आणि त्याच वाक्यावर जादा किल्ल्याही तुमच्या फळीवर आणून टांगल्या.

तुम्ही मला विचारलंत, चोराने वायरच कापली तर? मी म्हणाले, तर डब्याला कळणार नाही. तुम्ही खूश झालात. दाराकडच्या टोकाला तुम्ही एक छोटा रेझिस्टर टाकला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. डबा सतत त्या वायरीतून किंचित करंट सोडून मोजत बसायचा. वायर कापली तर माप बदलणार, दोन वायरी एकत्र पिळल्या तरी बदलणार. चोराने काहीही केलं तरी डब्याला कळणार. हे तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. पावसाळ्याच्या एका दुपारी तुम्हाला ते सुचलं होतं.

मी काय म्हणाले आठवतं? म्हणाले, "आपा, हे पुस्तकात आहे. फार जुनं आहे."

तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी मोटर खोलता खोलता, माझ्याकडे न बघता म्हणालात, "पुस्तकात आसा म्हणजे माजां बरोबर आसा."

आपा, मला त्याच दिवशी सांगायला हवं होतं की पुस्तकात वाचून समजणं वेगळं आणि पुस्तक नसताना तिथपर्यंत पोचणं वेगळं. मी चार वर्षं कॉलेजात घालवली आणि एकही गोष्ट अशी शोधली नाही, आधी कोणी शोधलेलीसुद्धा. हे मनात जुळवेपर्यंत गिऱ्हाईक आलं आणि मग ते राहूनच गेलं.

आपलं खरं भांडण लपवण्यावरून होतं. डबा तयार झाला की तुम्ही प्रत्येक चिप पॉलिश पेपरने घासायचात, तिच्यावरचा नंबर पुसला जाईपर्यंत. मग झाकणाच्या आतून जळलेल्या मोटरीतली केसासारखी तांब्याची तार गुंडाळायचात. कोणी ड्रिल मारून आत शिरायला गेला की तार तुटणार, आणि तार तुटली की डबा स्वतःची सगळी आठवण पुसून टाकणार. आणि शेवटी वरून काळा इपॉक्सी ओतायचात. तो दगडासारखा घट्ट व्हायचा. बॅटरीसकट.

"बॅटरी कशाला बंद करता?"

"चोर पयलो बॅटरीक हात घालता."

"आणि ती संपली तर?"

"पाच वर्सां बघूची गरज नाय. लिवन देतंय."

"आणि चिपांचे नंबर?"

"नंबर दिसलो तर उद्या कुडाळात धा जण असोच डबो करतले."

मी म्हणाले, कुलूप कसं चालतं हे जगाला माहीत असतं, तरी कुलपं सुरक्षित असतात. लपवायची ती किल्ली. यंत्र उघडं ठेवलं तर चार जण त्यातली चूक दाखवतील. लपवलेल्या यंत्रात चूकही लपून राहते. आमच्या कामातली ही पहिली शिकवण आहे. तुम्ही सोल्डरिंगची गन खाली ठेवलीत आणि म्हणालात, "किल्ली माज्याकडेच आसा मगे. तू कित्याक भियातंस?"

तुमच्या बोलण्यात गंमत होती. मीही गंमत म्हणूनच घेतली.

मागच्या उन्हाळ्याआधी गावडेवहिनींचा मुंबईहून फोन आला. त्यांचं घर देवबागच्या बाजूला, समुद्राला लागून. शेजारणीने त्यांना सांगितलं होतं की मंगळवारी दुपारी घराचं दार उघडं दिसलं. वहिनींच्या फोनवर मेसेज आला नव्हता. तुम्ही बाहेर होतात म्हणून फोन मी घेतला. तुम्ही आल्यावर सांगितलं, तर म्हणालात, "शेजारणीक दिसता कमी."

मला ते खटकलं. तुम्ही आधी डब्यावर संशय घ्यायला हवा होता. बनवणारा माणूस आधी स्वतःच्या वस्तूवर संशय घेतो, आणि तुम्ही तर दुसऱ्याने दुरुस्त केलेला पंखासुद्धा पुन्हा उघडून बघायचात. तुम्ही शेजारणीच्या डोळ्यांवर घेतलात.

टेबलावर चाचणीसाठीचा डबा होता. त्यात मालक म्हणून माझाच नंबर होता. तुम्ही समोर चहाला गेलात. परक्या नंबरावरून काय होतं ते बघायला तुमचा तो जुना, बटणांचा फोन घेऊन मी डब्याला मिस्ड कॉल दिला. तुमचा नंबर डब्याला अनोळखी असायला हवा होता. डब्याने फोन कापायला हवा होता. त्याने कॉल घेतला, पहाऱ्याचा लाल दिवा विझवला. मी हाताने चुंबक बाजूला केलं. म्हणजे दार उघडलं. भोंगा वाजला नाही. रेंज पक्की मिळावी म्हणून मी माझा फोन घेऊन रस्त्यावर जाऊन उभी राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मेसेज आला नाही.

समोर टपरीवर तुम्ही कोणाला तरी काहीतरी सांगत हसत होतात. मी फोन होता तसा, होता त्याच जागी ठेवला. बटणं वर, चार्जिंगचं भोक भिंतीकडे.

माझं काम काय ते तुम्हाला माहीत होतं. चोरवाट सापडली की कळवायची. मी ती कोणालाच कळवली नाही. तुम्हाला विचारलंही नाही. त्याऐवजी मी तुमच्यावर लक्ष ठेवायला लागले, आणि ते मला छान जमतं, कारण गप्प बसणाऱ्या मुलीकडे कोणी बघत नाही. तुम्ही जेवणानंतर बाहेर पडायचात तेव्हा खांद्याला कापडी पिशवी असायची. जाताना ती जड असायची आणि येतानाही जड असायची. फळीवरची एक किल्ली गेलेली असायची. संध्याकाळी ती परत असायची. मी खिळे मोजायचे. कुठे गेला होतात असं काकींनी विचारलं की तुम्ही दर वेळी पंपाचं नाव सांगायचात, आणि पंप असलेल्या घरांपैकी कोणाचं ते कधी सांगायचात नाही.

रिकामी घरं, आपा. कोणाच्या देव्हाऱ्यात चांदी, कोणाच्या कपाटात आईचे दागिने. मला हे मनात आणायचं नव्हतं. पण आलं, आणि एकदा आल्यावर ते मी बाहेर घालवलं नाही.

त्याच सुमाराला कुडाळच्या एका दुकानात तुमच्या डब्यासारखाच डबा विकायला आला. आत तशीच तार गुंडाळलेली. तुम्ही तो विकत आणलात, फोडलात, सगळे भाग टेबलावर मांडलेत आणि तासभर एकेक भाग उलटून बघितलात. मग माझ्या लॅपटॉपकडे बघून म्हणालात, "ह्या तुज्या पेटयेतसून काय काय भायर जाता, तां तुका तरी म्हायत आसा काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय नाय. इचारलां."

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही टेबलाची जागा बदललीत. माझ्याकडे पाठ करून बसायला लागलात. चिपा मी ऑनलाइन मागवून दिलेल्या, त्यांचे नंबरही तुम्ही माझ्या नजरेआड घासायला लागलात. मला अपमान वाटला. मी ठरवलं, विचारतील तेव्हाच सांगेन. तुम्हीही तेच ठरवलं असणार. आपण दोघं आठ महिने एका खोलीत, चार फुटांवर, एकमेकांवर संशय घेत बसलो आणि चहा मात्र एकाच किटलीतून प्यायलो.

आता माझं ऐका. त्याच्या आदल्या वर्षी मी तुमच्या त्या तारेचा फोटो काढला होता, झाकण उघडं असताना. इंजिनीअर लोक एकमेकांना प्रश्न विचारतात अशा एका ठिकाणी इंटरनेटवर टाकला. असं कोणी पाहिलंय का, एवढंच विचारलं. तुमचं नाव नाही, गावाचं नाही. मला बघायचं होतं की हे तरी नवीन आहे का. असतं तर तुम्हाला सांगणार होते, आपा, हे पुस्तकात नाही. पण लोकांनी लिहिलं, बँकांच्या मशीनमध्ये असं असतं, जुनी पद्धत आहे. एकाने तेवढं लिहिलं की हाताने इतकं नीट गुंडाळलेलं पाहिलं नव्हतं. कुडाळचा डबा आला त्या दिवशी मी तो फोटो काढून टाकला. कुडाळवाल्याने तो पाहिला होता का, मला माहीत नाही. आमच्या कामात याला पुरावा म्हणत नाहीत. पण दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याच्यावर संशय घेतला असता.

म्हणजे तुम्ही माझ्यावर घेतलेला संशय अगदीच खोटा नव्हता. हे तुम्ही जिवंत असताना सांगितलं असतं तर कदाचित तुम्हीही काही सांगितलं असतं. मी सांगितलं नाही.

तुम्ही गेलात त्या दिवशी सकाळी आपलं शेवटचं बोलणं झालं ते फ्यूजबद्दल. तुम्ही विचारलंत, "पाचाचो आसा काय थंय?" मी म्हणाले, नाही, तीनचा आहे. "ऱ्हवांदे मगे." दुपारी काकींचा आवाज आला. ओरोसच्या इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. अशा वेळी लोकांना शेवटचे शब्द आठवतात म्हणे. माझ्याकडे फ्यूज आहे.

बाराव्यानंतर काकींनी मला दुकान आवरायला बोलावलं. माळ्यावर एक गोण होती. "भंगारवालो दोनदा येवन गेलो," काकी म्हणाल्या, "पण ह्येका हात लावू नको म्हणान सांगल्यानी होती. तू बघ गो, कामाचां काय आसा ता."

गोणीत डबे होते. सगळे तुमचे, काळे, दगडासारखे. प्रत्येकावर चिकटपट्टी आणि त्यावर तुमच्या अक्षरात घराचं नाव. एका घराच्या नावाचे दोन-दोन, तीन-तीन. मी एक उजेडात धरला. वायर बाहेर येते त्या भोकाभोवती हिरवा गंज. दुसरा धरला. तसाच. सगळे तसेच होते. खारी हवा त्या भोकातून आत शिरली होती आणि बॅटऱ्या खाल्ल्या होत्या. पाच वर्षं नाही, पाचेक महिन्यांत. आणि बॅटरी इपॉक्सीत बंद, म्हणून बदलायला अख्खा डबाच बदलायचा.

तुम्ही नवा डबा बनवायचात, पिशवीत घालायचात, फळीवरची किल्ली घ्यायचात, तुमच्या फोनवरून जुन्या डब्याला गप्प करायचात, दार उघडून मरायला टेकलेला डबा काढायचात आणि नवा लावायचात. पिशवी जाताना जड, येतानाही जड. का, तर मुंबईत कोणाला कळू नये की आपांचा डबा टिकत नाही.

मी माळ्याच्या शिडीवर बसून हसले, आपा. खाली काकी होत्या आणि मी हसले. चोरापासून घर राखणारं यंत्र, आणि ते चालू राहावं म्हणून ते बनवणाऱ्याला चोरासारखं घरात शिरावं लागतं. एवढं डोकं असलेल्या माणसाने एक फोन केला असता, वहिनी, बॅटरी गेली, बदलून देतो. तेवढं एक वाक्य तुम्हाला जड गेलं आणि त्यापायी तुम्ही हे सगळं उभं केलंत. मग माझं हसू गेलं. कारण आठ महिने मी तुम्हाला कपाटं उघडताना बघत होते, मनातल्या मनात, आणि तुम्ही त्या वेळात अंधाऱ्या ओटीवर स्टुलावर चढून स्क्रू पिळत होतात.

पण मी माझ्या कामाची आहे. मी तिथे थांबले नाही. तुमच्या फोनवरून एक ठरावीक शब्द पाठवला की डबा दार उघडल्या-मिटल्याच्या तारखा आणि वेळा पाठवतो, हे मी तुमच्या फोनमधल्या जुन्या मेसेजवरून शोधलं. मेसेज मालकाला जाऊ द्यायचा नाही, अशी तुम्ही सोय केली होतीत, पण डब्याने स्वतःपाशी लिहून ठेवायचं नाही, अशी केली नव्हतीत. मी सगळ्या घरांना विचारलं. बहुतेक डब्यांत एकच नोंद होती, तो लावला त्या दिवसाची. हिशेब जुळत होता.

गावडेवहिनींच्या डब्यात अकरा नोंदी होत्या. सगळ्या दुपारच्या, प्रत्येक वेळी तासाभराच्या. बॅटरी बदलायला तास लागत नाही आणि अकरा वेळा तर नाहीच.

मी विचार करून बघितलं. समुद्राजवळचं घर, तिथे मीठ जास्त, म्हणून नवा डबा तिथे तपासत असाल. किंवा नुसतेच बसत असाल, कोणी फोन न करणाऱ्या, कोणी मोटर न आणणाऱ्या घरात. किंवा आणखी काही, जे मला लिहायचं नाही. तुम्ही असता तर विचारलं असतं, असं म्हणणं खोटेपणा होईल. तुम्ही होतात तेव्हाही मी विचारलं नाही.

काकींना मी नंबराबद्दल सांगितलं. अकरा नोंदींबद्दल नाही. त्यांनी तांदूळ निवडणं थांबवलं नाही. "गो बाय," त्या म्हणाल्या, "माणूस गेलो. आता नंबर कोणाच्या घरात जातलो? गुपचूप काढून टाक आणि गप ऱ्हव. त्यांचां नाव कित्याक वायट करतंस?"

त्यांचं चुकत नव्हतं. मी गुपचूप काढू शकत होते. पण तो नंबर तुम्ही चिपमध्ये पक्का केला होता. काढायचा तर डबा बदलायला हवा, बदलायचा तर किल्ली घेऊन, तुमच्या फोनवरून डब्याला गप्प करून, मालकाला न सांगता घरात शिरायला हवं. तुम्ही करत होतात तेच. मी तो फोन हातात घेतला आणि मला कळलं की तिथपर्यंत पोचायला वाईट माणूस असावं लागत नाही. लाज वाटली तरी पुरतं.

दुकान आवरताना शेवटच्या खणात कागदांची चळत सापडली. तपकिरी, कडा खाल्लेले. जुन्या रेडिओच्या पाठीला आतून सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा, कोणीही उघडून दुरुस्त करावा म्हणून. मेलेल्या रेडिओंचे ते नकाशे तुम्ही सोडवून जपून ठेवले होते. कडेला पेन्सिलीने तुमची पोरवयातली अक्षरं. काकी म्हणाल्या, "ह्येच्यारच शिकले ते. इचारूक कोण होतां हयसर?"

ज्यांनी काही लपवलं नाही अशा माणसांकडून शिकलात, आपा, आणि स्वतः चिपांचे नंबर घासत बसलात. हे भांडण मला तुमच्याशी करायचं होतं. हा पुरावा आपल्या भांडणात माझ्याकडे नव्हता, आता आहे आणि समोर कोणी नाही.

गेल्या आठवड्यात गावडेवहिनी आल्या. काकींना भेटल्या, डोळे पुसले, आणि मग दुकानात माझ्यासमोर बसल्या.

"एक इचारू? माज्या ओटयेरची खुर्ची खिडकीकडे कोणी न्हेल्यान?"

काकी दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"वहिनी, आपा तुमच्या घरात जायचे," मी म्हणाले. "तुम्हाला मेसेज जाणार नाही असा एक नंबर त्यांनी डब्यात ठेवला होता. सगळ्यांच्या डब्यात. बॅटऱ्या टिकत नव्हत्या, त्या बदलायला जायचे. तुमच्याकडे त्याहून जास्त वेळा गेले. अकरा वेळा. का, ते मला माहीत नाही."

काकी आत निघून गेल्या. गेले सहा दिवस त्या माझ्याशी बोलत नाहीत.

"काय गेलेलां तर नाय घरातसून," वहिनी म्हणाल्या. "मी सगळां बघलंय." मग म्हणाल्या, "बॅटरी गेली म्हणान सांगूक काय झालां होतां? माणसांका बॅटरी कळत नाय?" त्या रागावल्या होत्या की त्यांना वाईट वाटत होतं ते मला ओळखता आलं नाही. दोन्ही असेल.

आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. खुर्ची खिडकीजवळ होती, समुद्राकडे तोंड करून. मी वहिनींना सांगितलं, जुना डबा नुसता काढून ठेवता येईल, पण फोडला तर त्यातली तार तुटेल आणि आतल्या नोंदी पुसल्या जातील. आपांच्या फोनवर आलेला मेसेजही मी पुसेन, आणि ते आले त्या दिवसांच्या तारखा मग कुठेच राहणार नाहीत. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "फोड."

तुमची तार बरोबर चालली, आपा. ड्रिलचं टोक जेमतेम आत गेलं आणि डबा रिकामा झाला. तुम्ही केलंत त्यात ते सगळ्यात चांगलं काम होतं.

मी नवा लावला. माझा. तुमचा तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर त्यात आहे, वायरच्या भोकाला रबर आहे, बॅटरी झाकण उघडून कोणालाही बदलता येते. वहिनी खुर्ची उचलून जागेवर ठेवत होत्या.

"ह्येच्यात नंबर कोणाकोणाचो?"

"फक्त तुमचा."

"आणि तुजो?"

"नाही घातलेला."

"तां माका कसां कळतलां?"

तुम्हाला हे कोणी विचारलं नाही, आपा. तीस घरांपैकी एकानेही नाही. तुमच्यावर विश्वास होता म्हणून. विचारलं असतं तर तुम्ही रागावला असता, पण कदाचित सुटलाही असता.

मी पिशवीतून कागद काढले. पूर्ण सर्किट, प्रत्येक चिपचा नंबर, मी लिहिलेल्या प्रोग्रामची प्रत्येक ओळ. दाराच्या वायरीची युक्ती जिथे आहे तिथे तुमचं नाव लिहिलं आहे.

वहिनींनी कागद उलटसुलट केले. "माका ह्यातलां काय कळाचां नाय."

"ज्याला कळतं त्याला दाखवा. मला न सांगता दाखवा."

त्यांनी घडी घालून कागद पर्समध्ये ठेवले आणि किल्लीसाठी हात पुढे केला. मी किल्ली दिली. कुलूप लावताना त्यांनी विचारलं, "आपांका ह्यां आवडलां आसतां?"

"नाही," मी म्हणाले. "खूप भांडले असते."